नानांची हिरवी फिल्म

रुपचंद नाना कोणताही कागद कडेनेच धरत. लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, मधे बोट लागू देत नसत.

नखं दर तीन दिवसांनी कापत. वाढलेल्या नखाचा ओरखडा फिल्मवर उठतो, ही धास्ती हातातून गेलीच नाही.

समोर कुणी येऊन उभं राहिलं, की आधी त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का ते बघत. मग तोंडाकडे.

बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली, तरी "दार उघडू नका" असं दोनदा ओरडत. घरात हेमलताबाईंशिवाय कुणी नसे.

शर्टाच्या वरच्या खिशात शिशाचं एक अक्षर असे. इंग्रजी आर. माणसाची उजवी बाजू कोणती ते प्लेटवर दाखवणारं. शर्ट धुवायला घेताना हेमलताबाई आधी तो खिसा चाचपत.

थकून खुर्चीत बसले, की स्वतःशीच म्हणत, "श्वास घ्या. रोखा." पुढचं "सोडा" म्हणायला विसरत.

धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात नानांनी चौतीस वर्षं एक्स-रे काढले. काढले आणि धुतले. लोकांना वाटतं, एक्स-रे म्हणजे ते मशीन. नाना म्हणत, मशीन एका सेकंदाचं, बाकीचं सगळं धुण्यात आहे. अंधाऱ्या खोलीत स्टीलच्या हँगरला चार कोपऱ्यांनी फिल्म अडकवायची, औषधाच्या टाकीत उभी सोडायची, मनातल्या मनात आकडे मोजायचे, मग पाण्यात, मग दुसऱ्या औषधात, मग पुन्हा भरपूर पाण्यात. घड्याळ ते बघत नसत. आकडे चुकत नसत.

त्यांच्या धंद्यात एक शब्द होता, रिपीट. म्हणजे प्लेट बिघडली, पेशंटला परत उभं करा. पाय मोडलेल्या माणसाला परत टेबलावर चढवायचं म्हणजे काय, ते नानांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांच्या रिपीट फार कमी. कौतुक कुणी केलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

शेवटच्या सहा वर्षांत नवं मशीन आलं. चित्र थेट पडद्यावर. फिल्म गेली, टाकी गेली, अंधारखोलीत झाडू आणि फिनेलचे कॅन आले. नाना बटण दाबत आणि बसून राहत. बसून राहण्यानेच ते जास्त थकले, असं हेमलताबाई सांगतात.

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर मॅनेजरनी विचारलं, "नाना, आठवण म्हणून काय देऊ?"

नाना म्हणाले, "स्टोअरात मुदत संपलेल्या फिल्मचे दोन खोके पडलेत. ते द्या. आणि माझी टाकी, भंगारात जाण्याआधी."

रिक्षातून ते सामान देवपूरच्या घरी आलं. खोक्यांवर आकार लिहिलेला होता. बारा बाय पंधरा इंच. माणसाची छाती मावते, तो आकार.

त्या फिल्मचं करायचं काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. वर्षभराने नशिराबादला एका लग्नात गेले. मांडवाशेजारी एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ होता. मालकाचा मुलगा दुकान रिकामं करत होता. कोपऱ्यात तीन पायांचा लाकडी कॅमेरा होता. काळा भाता, पितळी भिंग, डोक्यावर घ्यायचं काळं कापड. शाळांचे ग्रुप फोटो काढायचा. नानांनी मागची चौकट वितीने मोजली. मग खिशातला टेप काढून मोजली. बारा बाय पंधरा.

जेवण न करताच ते कॅमेरा घेऊन बसस्टॉपवर आले.

"एक अडगळ रिटायर होऊन घरी आलीच होती," हेमलताबाई दारात म्हणाल्या. "आता ती दुसरी घेऊन आली."

तिथून पुढे गल्लीतल्या बऱ्याच लोकांचे फोटो निघाले. या कॅमेऱ्याला खटका नव्हता. भिंगावरचं झाकण काढायचं, चार सेकंद मोजायचे, झाकण लावायचं. चार सेकंद माणूस हलू नये म्हणून नाना चौतीस वर्षांची सवय वापरत. "श्वास घ्या. रोखा." त्यामुळे त्यांच्या फोटोतला प्रत्येक जण छाती फुगवून, डोळे ताणून बसलेला दिसे, कुणीतरी हाक मारल्यासारखा. समोरचे हितेंद्र मास्तर म्हणाले, "नाना, फोटो काढताय का फुप्फुस बघताय?"

"दोन्ही सारखंच," नाना म्हणाले.

एक्स-रे फिल्मला दोन्ही अंगांना चित्र उमटवणारा मसाला असतो. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, कळत नाही. उलटी धरली तर डावा हात उजवा होतो. म्हणून खुर्चीच्या उजव्या दांड्याला ते शिशाचा आर दोऱ्याने बांधत. प्रत्येक फोटोत तो कोपऱ्यात लटकलेला आहे. चारी कोपऱ्यांना हँगरच्या दातांची चार भोकं आहेत. कागदावर ते फोटो छापत नसत. निगेटिव्हवर दुसरी फिल्म ठेवायची, उजेड दाखवायचा आणि तीही धुवायची. फोटो फिल्मवरच यायचा, निळसर, खिडकीला लावून बघायचा.

पाण्याचं तेवढं कठीण होतं. नळाला सहा-सहा दिवसांनी पाणी यायचं. एक फिल्म नीट धुवायची तर अर्धी टाकी पाणी लागे. पाण्याचा दिवस म्हणजे धुण्याचा दिवस. हेमलताबाई धुणं काढत, नाना फिल्म काढत, आणि मोरीवरून दोघांचं भांडण होई. दोघंही दमत. संध्याकाळी दोरीवर एका टोकाला लुगडी आणि दुसऱ्या टोकाला शेजारीपाजारी वाळत असत.

भिकुबाईचं प्रकरण अशा एका हिवाळ्यात सुरू झालं.

भिकुबाई पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली. ऐंशीच्या पुढची. तिचा मुलगा वना कापूस घेऊन धुळ्याला येई. बसस्टँडवर त्याने नानांना ओळखलं. ते आता मोठे फोटो काढतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या बापाचा, चुडामण आबाचा, छातीचा एक्स-रे नानांनी काढला होता. आबा त्याच दुखण्यात गेला.

"माय म्हणते फोटो काढायचा," वना म्हणाला. "मोबाइलमधला चालत नाही. केवढा पाहिजे ते येऊन बघा."

नाना गेले. घरात पूर्वेला एक खिडकी होती. खिडकीच्या काचेला एक प्लेट चिकटवलेली होती. काळी प्लेट, पांढऱ्या बरगड्या, डाव्या अंगाला सरकलेलं हृदय. चुडामण आबा. आबाचा दुसरा फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा, नखाएवढा. हा तेवढा मोठा. दसऱ्याला भिकुबाई काचेच्या चौकटीवर झेंडूचं तोरण घालायची.

नानांनी प्लेटच्या कोपऱ्यातला आर बघितला. जरासा तिरका. त्यांच्याच हाताचा.

"त्यास्ना शेजारी मना फोटो लाव भाऊ," भिकुबाई तिच्या अहिराणीत म्हणाली. "तेवढाच. ना ल्हाना, ना मोठा."

नानांना तेव्हा काय वाटलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. इतकंच म्हणाले, की आकार तर माझ्याकडे आहे.

जानेवारीत ओसरीवर खुर्ची मांडली. भिकुबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. नानांनी खांदे सरळ केले. आर बांधला. श्वास घ्या, रोखा. दोन फिल्म झाल्या. पाण्याच्या दिवशी धुतल्या. उत्तम निघाल्या. सुरकुती न् सुरकुती, पदराचा काठ, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. नानांनी दुसऱ्या फिल्मवर फोटो उतरवला आणि फेब्रुवारीत स्वतः घेऊन गेले.

भिकुबाईने फोटो खिडकीला धरला. बराच वेळ बघितला.

"भाऊ, हाई कोन शे?"

"तुम्हीच शेतस, अक्का."

"मी नही." तिने फोटो खाली ठेवला. "मनं गोंदन कोठे गयं?"

नानांनी फोटो घेतला. मग भिकुबाईकडे पाहिलं. तिच्या कपाळावर मधोमध चांदणी होती. हनुवटीवर तीन ठिपके. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत वेल, विंचू, सीतेचा पाट. सगळं हिरवट निळं. लहानपणी गोंदलेलं. फोटोत त्यातलं काहीच नव्हतं. कपाळ कोरं. हात कोरे. कातडीही होती त्यापेक्षा काळी.

"माय, जाऊ दे ना," वना म्हणाला. "बाकी बठ्ठं बरोबर शे."

"बरोबर शे त तुना घरमा लाव."

"हाईच त मना घर शे."

"मंग नको लावू." ती नानांकडे वळली. आवाज चढला नव्हता. "भाऊ, कुकू त पुसायी गयं. हाई कोनी पुसं?"

नानांनी फोटो पुन्हा खिडकीला धरला.

गोंदण तेवढं माणसाबरोबर वर जातं, असं त्या वयाच्या बायका मानतात. डोरलं, पाटल्या, लुगडं, सगळं इथंच काढून घेतात. वरती विचारलं, काय आणलंस, तर दाखवायला गोंदण. भिकुबाईला आबाच्या शेजारी कोरी बाई म्हणून लागायचं नव्हतं. वना म्हणाला, पेनने काढून देऊ का? तेव्हा मात्र नाना पटकन म्हणाले, "प्लेटवर पेन लावायचं नसतं."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मांडीवर फोटो धरला होता. कडेने. रिपीट, त्यांनी हेमलताबाईंना घरी येऊन सांगितलं. एवढंच. जेवले नाहीत.

कारण त्यांना दोन दिवसांत कळलं. कळायला नकोच होतं, आधीच माहीत असायला हवं होतं, असं ते म्हणत. दवाखान्यात दोन जातींच्या फिल्म यायच्या. एका जातीला फक्त निळा उजेड दिसतो. दुसरीला हिरवाही दिसतो. त्यांच्याकडचे खोके निळ्या जातीचे होते. निळी फिल्म निळ्या रंगाला उजळ करते आणि तांबूस कातडीला काळं करते. गोंदण उजळलं, कातडी काळवंडली, दोन्ही एकमेकांत मिसळून गेली. हाडांना रंग नसतो. त्यामुळे चौतीस वर्षांत हा प्रश्न आला नव्हता.

आता हिरवी फिल्म हवी होती. हेच एक काम त्यांनी डोक्यात घेतलं. भिकुबाई ऐंशीच्या पुढची. तिच्याकडे किती दिवस आहेत, याचा हिशोब ते करत. स्वतःचा केला नाही.

जुन्या ओळखीतले प्रेमराज भाऊ जळगावला एका तपासणी केंद्रात होते. त्यांनी फोनवर सांगितलं, कपाटाखाली अर्धा खोका असेल. एप्रिलच्या उन्हात नाना एसटीने जळगावला गेले. खोक्यात पाच फिल्म निघाल्या. मुदत संपून नऊ वर्षं झालेली.

"नाना, पाच फिल्मसाठी शंभर किलोमीटर?" प्रेमराज भाऊ म्हणाले. "वेड लागलंय का?"

"लागलंय," नाना म्हणाले. "पाणी दे."

घरी आल्यावर त्यांना बसायला उठायला त्रास होत होता. पायऱ्यांवर थांबत. हेमलताबाई डॉक्टरकडे चला म्हणाल्या. नाना म्हणाले, आधी एक फिल्म करून बघू.

हेमलताबाईंच्या हातावर तुळशीचं गोंदण आहे. माहेरी जत्रेत काढलेलं. नानांनी त्यांचा हात टेबलावर ठेवला, शेजारी आर ठेवला. कॅमेऱ्याच्या पेटीत एक पिवळी काच होती, ती भिंगापुढे धरली. पिवळी काच निळा उजेड अडवते. म्हणजे गोंदण उजळणार नाही.

"श्वास घ्या. रोखा."

"हाताला कसला श्वास?" हेमलताबाई म्हणाल्या. पण त्यांनी रोखला.

ती फिल्म धुतल्यावर सगळी काळी निघाली. कोळशासारखी. नाना मोरीच्या काठावर बसले. मग वर बघितलं. बाथरूममध्ये त्यांनी जो दिवा लावला होता, तो निळ्या फिल्मसाठीचा होता. केशरी. हिरव्या फिल्मला तो चालत नाही, तिला गडद लाल लागतो. हे त्यांनीच दवाखान्यात नव्या मुलांना शिकवलं होतं. दवाखान्यात त्यांनी या दोन जाती कधी एकमेकींत मिसळू दिल्या नव्हत्या.

"डोकं चालत नाही आता," ते म्हणाले.

हेमलताबाई देवघरात गेल्या. देवापुढचा छोटा लाल दिवा काढून आणला.

"हा चालेल?"

"देवाचं काय?"

"देवाला अंधाराची सवय आहे. तुमच्याकडे लक्ष द्यायला त्याला दिवा लागत नाही."

पुढच्या पाण्याच्या दिवशी दुसरी फिल्म धुतली. लाल उजेडात, बर्फ घालून. एप्रिलमध्ये औषध इतकं तापतं की फिल्मवरचा मसाला सायीसारखा सुटतो. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून त्यांनी बर्फाची लादी आणली होती. हात आला. तुळस आली. पानं मोजता येत होती.

नाना त्या दिवशी दोन भाकरी जेवले.

तीन फिल्म उरल्या. दोन भिकुबाईसाठी, एक हाताशी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, ते निघाले. कंडक्टरने लाकडी पेटी बघून विचारलं, "बाबा, भजनाला का?"

"हो."

"मंडळी कुठेय?"

"पुढं गेली," नाना म्हणाले.

वना मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा होता. कॅमेरा मांडीवर घेऊन नाना मागे बसले. ओसरीपर्यंत पोचेतो शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. भिकुबाई तयार होती. तेच लुगडं. यावेळी तिने दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या होत्या.

"भाऊ, तू थकेल दिसस," ती म्हणाली.

"ऊन शे, अक्का."

"ऊन मना आंगवर बी शे." ती खुर्चीत बसली. "आज फोटो बरोबर नही उना, त मी परत बसाव नही. सांगी ठेवस."

"आज येई."

नानांनी तिचे खांदे बघितले. उजवा जरा खाली होता. पदराखाली घडी घालून टॉवेल ठेवला. आर बांधला. काळ्या कापडाखाली बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा खांबाला धरून उभे राहिले. वनाने पाणी आणलं. ते नंतर, म्हणाले. पिवळी काच लावली.

"श्वास घ्या. रोखा."

चार सेकंद. झाकण.

दुसरी फिल्म. श्वास घ्या. रोखा. चार सेकंद. झाकण.

भिकुबाई तशीच बसून होती. गाल फुगलेले.

"आते सोडू का?" ती दातांतून म्हणाली. "का मरानं येई तवलगून रोखू? तू सोड म्हनाले इसरस."

वना हसला. नानाही हसले. वना सांगतो, नाना हसताना त्याने तेव्हाच पाहिले.

घरी आले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. दोन्ही फिल्म लाकडी चौकटीत बंद होत्या, चौकट काळ्या पिशवीत. पिशवी त्यांनी बाथरूमच्या माळ्यावर ठेवली, सर्वांत थंड जागी. पाणी शुक्रवारी येणार होतं. पिंपातलं पाणी वापरा, हेमलताबाई म्हणाल्या. नाना म्हणाले, तेवढ्यात स्वयंपाकाचं भागव. ही बाई दोन दिवस थांबेल.

गुरुवारी सकाळी त्यांनी रसवंतीवाल्याला शुक्रवारचा बर्फ सांगितला. हँगर पुसले. नखं कापली. दुपारी जेवून आडवे झाले. चार वाजता हेमलताबाई चहा घेऊन गेल्या.

शुक्रवारी नळ आला. बायकांनी पिंपं भरून ठेवली. रसवंतीचा माणूस लादी घेऊन दारात आला आणि गर्दी बघून तशीच परत घेऊन गेला.

पाचव्या दिवशी भिकुबाई वनाबरोबर दारावर आली. बायकांमध्ये बसली. तिच्या रीतीने रडली. निघताना हेमलताबाईंचा हात हातात घेतला आणि त्यावरच्या तुळशीवरून अंगठा फिरवला. फोटोचं तिने विचारलं नाही. वनानेच उंबऱ्यात हळू विचारलं.

हेमलताबाईंनी माळ्याकडे बोट दाखवलं.

"उघडू नका," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत तेवढं त्यांना पाठ झालं होतं.

लाल दिवा कुठला, बर्फ किती, हे त्यांना माहीत आहे. टाकीतलं औषध जागेवर आहे. पण कितीपर्यंत मोजायचं, ते माहीत नाही. नाना ते मनात मोजत. वह्या पाहिल्या, कॅलेंडरच्या मागच्या बाजू पाहिल्या. आकडा कुठेच नाही. प्रेमराज भाऊ म्हणाले, वहिनी, नवी फिल्म असती तर मी धुतली असती. ही नऊ वर्षं शिळी. हिला नानांनी काय ठरवलं होतं, कुणास ठाऊक. दोनच तर आहेत. तरी येतो एकदा. अजून आलेले नाहीत.

देवापुढचा दिवा अजून बाथरूममध्येच आहे.

माळ्यावर काळी पिशवी आहे. पिशवीला दोऱ्याने शिशाचा आर बांधलेला आहे. त्याखाली एक चिठ्ठी, दवाखान्याच्या जुन्या पाकिटाची फाडलेली, नानांच्या बारीक अक्षरातली.

भिकुबाई. दोन. हिरवी. पिवळी काच. चार सेकंद. उजव्या खांद्याखाली टॉवेल. शुक्रवारी पाणी. धुणे बाकी.